यान कुठल्या डब्यात?

परवा रविवारी सकाळी कचरा गाडीनं माझं अंतराळयान नाकारलं.

नेलं असतं तर एक वेळ चाललं असतं. चार लोकांत हळहळ करता आली असती. पण नाकारलं!

झालं एवढंच की प्रायमर मारून यान ओट्यावर पेपरावर वाळत ठेवलं होतं, आणि बायकोनं कचऱ्याचे डबे नेमके त्याच्या शेजारी आणून ठेवले. गाडीवरच्या पोराचा काही दोष नाही. हातभर लांबीची, राखाडी, जागोजागी उंचवटे असलेली वस्तू डब्यांच्या रांगेत दिसली तर मीही उचलली असती. त्यानं उचलली, उलटी केली आणि मला हाक मारली, "भिया, ये किसमें जाएगा?"

प्रश्न रास्त होता. आमच्या इंदूरला कचऱ्याचे सहा प्रकार: ओला, प्लास्टिक, प्लास्टिक नसलेला सुका, इलेक्ट्रॉनिक, सॅनिटरी आणि घातक. २०१७पासून सलग सात वर्षं देशात पहिला नंबर काही उगाच नाही आला. या शहरात चुकीच्या डब्यात काही टाकणं म्हणजे पोह्यांवर शेव न घालता पाहुण्यासमोर बशी ठेवणं.

मी तोंड उघडायच्या आत त्यानं तपासणी सुरू केली. सराफ्यात जुनं मंगळसूत्र हातात घेऊन पारखतात ना, अगदी तशी. आधी नखानं टिचकी मारली. "ये पाइप है." बरोबर, पीव्हीसीचाच पाईप. "ये ढक्कन डिओ का." इंजिनाचा नोझल होता तो, पण हो, डिओचंच झाकण. बायकोला अजून माहीत नव्हतं. त्या क्षणी माहीत झालं. "ये पत्ता गोली का." बाबांच्या बीपीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, यानाच्या पाठीवर लावली होती. मग त्यानं पोटाकडची बाजू डोळ्याजवळ नेली. तिथे जुन्या माउसमधली सर्किटची पट्टी चिकटवलेली. त्याचा चेहरा गंभीर झाला. "इसमें तो ई-वेस्ट भी है." त्यानं यान परत पेपरावर ठेवलं आणि हात झटकले. "मिक्स नहीं लेते. तोड़ के अलग-अलग करके देना."

पाच महिने. तोड़ के देना.

आता हे मुळात कशापायी, ते सांगून टाकतो. लहानपणी केबलवर एक कार्टून लागायचं, त्यातलं हे यान. कार्टूनचं नाव सांगणार नाही. जाणकार मंडळी लगेच चुका मोजायला बसतील. कार्टूनवाल्यांची अडचण मला कळते. पडद्यावर सेकंदाला २४ चित्रं सरकतात. एकेक चित्र दोनदा वापरलं तरी १२ काढावी लागतात. यानावर एक रेघ वाढवली की ती रेघ हजार वेळा काढा. म्हणून मग यान कसं, तर साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत. खिडक्या एका दृश्यात चार, पुढच्यात सहा. दार सोमवारी डावीकडे, मंगळवारी उजवीकडे. त्यांचं भागून जातं. ते खरंखुरं वाटेल असं हातात धरायचं म्हटलं की सगळ्या उधाऱ्या माझ्या दारात.

मापाचंच बघा. नायक दाराशी उभा राहतो त्या चित्रावरून हिशेब केला तर यान १८ मीटर लांब निघतं. तोच नायक आत पळतो, पळतो, अजून पळतो, त्यावरून केला तर ६०. मी १:७२ प्रमाणात बनवतो. म्हणजे एक यान २५ सेंटिमीटरचं, दुसरं ८३चं. पहिलं टीव्हीशेजारी मावतं. दुसऱ्यासाठी सासऱ्यांनी दिलेलं कपाट हलवावं लागतं, म्हणजे ते होणार नव्हतंच. शेवटी ३६ मीटर धरले. यात लाज कसली? जपान्यांनी १९७४ साली बुडालेल्या यामातो युद्धनौकेचं अंतराळयान करून कार्टून काढलं. मूळ नौका २६३ मीटरची, कार्टूनमधलीही जवळपास तेवढीच. पण आत लढाऊ विमानांचा ताफा असा बसवला की तो त्या लांबीत मावेना. २०१२ साली नव्यानं काढताना त्यांनीच ती ३३३ मीटर केली. त्यांनी ७० मीटर वाढवले तर वाहवा, मी माझ्या ओट्यावर तडजोड केली तर "वेळ जात नाही का?"

हे 'वेळ जात नाही का' एक मला कळत नाही. अख्खा दिवस टीव्हीसमोर पडून दुसऱ्यांचं क्रिकेट बघणाऱ्याला कुणी विचारत नाही. रोज संध्याकाळी राजवाड्यावर जाऊन नुसतं उभं राहणाऱ्यालाही नाही. हातात पॉलिश पेपर दिसला की मात्र सगळ्यांना माझ्या वेळेची काळजी. एक भाचा तर म्हणाला, "मामा, थ्रीडी प्रिंटरवर रातभरात निघतं." निघतं रे. पण दार कुठे, ते प्रिंटर ठरवतो का?

असो. तर कचरा गाडी थांबलेली, गाणं चालू, मागे दोन स्कूटर खोळंबलेल्या. आणि त्यात समोरचे काका आले. काका निवृत्त इंजिनियर. कसले, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मत मात्र प्रत्येक गोष्टीवर.

"हे काय करून राहिला तू?"

"अंतराळयान आहे, काका."

"मग हे पंख कशाला? वर हवा आहे का?"

हे ऐकायचंच राहिलं होतं. ते पंख नव्हतेच. रेडिएटर होते. वर हवा नाही म्हणूनच इंजिनाची उष्णता वाहून न्यायला काही नसतं. ती पसरट पत्र्यांवरून नुसती किरणांनी बाहेर टाकावी लागते. कार्टूनमध्ये ते नव्हते, यान खरं वाटावं म्हणून सनबोर्ड कापून मी घातले. १९६८च्या '२००१ : अ स्पेस ओडिसी'मधल्या यानाला असेच रेडिएटर देणार होते, लोक पंख समजतील म्हणून काढून टाकले. काकांना भेटून आले असावेत.

मी हे सगळं कचरा गाडीच्या गाण्याच्या वरच्या पट्टीत समजावलं. काकांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "ते ठीक. पण सोनेरी कागद लाव. चांद्रयानाला कसा होता! याला बघून वाटतच नाही वर जाईल म्हणून."

राग याचा आला की काकांचं बरोबर होतं. २३ ऑगस्ट २०२३ला चंद्रावर उतरलेल्या विक्रमला ते सोनेरी वेष्टन शोभेसाठी नव्हतं, ऊन आणि गारठा यांपासून बचावासाठी होतं. मी बीपीच्या गोळ्यांच्या पाकिटांवर राखाडी प्रायमर फासून बसलो होतो, आणि खाली चकाकणारा पत्रा आयता होता.

"मिठाईच्या डब्यातला चालेल," काका म्हणाले. "आमच्याकडे पडलाय."

"अंकल, वो सूखे में देना," गाडीवरचा पोरगा म्हणाला.

मागच्या स्कूटरनं हॉर्न दिला. पोरगा पायरीवर चढला, गाडी हलली, आणि जाता जाता त्यानं वळून विचारलं, "भिया, इसका दरवाजा किधर है?"

पाच महिन्यांत पहिला कामाचा प्रश्न. मी यान उचललं, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. ज्या दारावरून सगळं माप काढलं, ज्याला २८ मिलिमीटर उंचीचं करायला दोन रविवार गेले, ते दार डाव्या रेडिएटरच्या खाली फेविक्विकनं कायमचं बंद झालं होतं.

"पीछे से है!" मी ओरडलो.

गाडी वळली होती. बायको मात्र डिओचं झाकण बघत उभी होती.