कोणाचं पान?

काल बुधवार. गंगेवरच्या बाजारात एका अनोळखी गृहस्थांनी मला आमच्या घरात कोण गेलं ते विचारलं, आणि कोणीच गेलेलं नाही हे कळल्यावर माझं सांत्वन केलं. रात्रभर ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले आहे. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्यात, दोन व्हायच्यात. तेवढा वेळ माझा.

घरात आम्ही अकरा माणसं. सासू-सासरे, आत्याबाई, आम्ही दोघं, धाकटे दीर-जाऊ आणि दोन्हीकडची मिळून चार मुलं. किराण्याचं बिल बघून नवऱ्याने मागच्या महिन्यात एका रविवारी एक्सेलमध्ये तक्ता केला. दोन्ही वेळच्या भाज्या, वारांप्रमाणे, रंग भरून. भाजीला दिवसाला 200 रुपये, वर एक पै नाही. तक्ता होईपर्यंत त्याला तीनदा चहा आणि एकदा कांदाभजी लागली; ती तक्त्यात नाहीत. मग तो फ्रिजवर लागला आणि जाहीर झालं की आता फक्त अंमलबजावणी उरली आहे. अंमलबजावणी म्हणजे मी.

कालच्या चौकोनात होतं, सकाळी गवार आणि संध्याकाळी लाल भोपळा. एक्सेलला पंचांग कळत नाही. एरवी जिच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही ती गवार पितृपंधरवड्यात पितरांच्या वशिल्याने एकदम 40 रुपये पाव होते. भोपळाही मान वर करून बसतो. हे मला कळत नव्हतं असं नाही. पण मी चौकोन बदलून कोबी आणला असता तर "तक्ता पाळायचाच नव्हता तर करायला कशाला लावलास?" हे ऐकावं लागलं असतं. मी लावला नव्हता, हा भाग वेगळा.

तर गेले. नाशिकमध्ये गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि बुधवारचा बाजार तिच्या काठावर भरतो. पलीकडे रामकुंडावर या दिवसांत ही गर्दी. मुंडण केलेली डोकी, पिंडांची ताटं, कावळ्यांची चंगळ. अलीकडे भाज्यांचे ढीग. मधोमध आमचा दुतोंड्या मारुती. गंगेला पूर आला की पाणी मारुतीच्या कुठवर आलं यावर शहर पुराचा अंदाज घेतं. गुडघ्याला म्हणजे ठीक, कमरेला म्हणजे बघायला जायचं, गळ्याला म्हणजे सराफ बाजाराने आवराआवर करायची. आमच्या घरखर्चाचंही असंच मोजमाप आहे. दहा तारखेला गुडघा, वीस तारखेला कंबर. पंचवीसनंतर आम्ही मटकी भिजत घालतो.

बाजारात किलो येऊन साठ वर्षं उलटली, पण माणसं बोलतात पावात आणि आदपावात. पाव भेंडी, आदपाव मिरच्या. अशा ठिकाणी "मावशी, दीड किलो गवार द्या" म्हटलं की आजूबाजूच्या चार माना वळतात. तीन परत फिरल्या. चौथी फिरली नाही.

साठी उलटलेले, चेहऱ्यावर सत्यनारायणाला बसल्यासारखी शुचिर्भूत कळा. हातात कुठल्याशा लग्नात अहेर म्हणून मिळालेली कापडी पिशवी, नवरा-नवरीची नावं धुऊन धुऊन अर्धी गेलेली. पिशवीत दोन लिंबं आणि फुकट मागून घेतलेली कढीलिंबाची काडी. खरेदी संपली होती, वेळ उरला होता. ते माझी पिशवी वाचू लागले.

"गवार," ते म्हणाले. "भोपळा. आलं. भेंडी पण घेतलीत. आज पंचमी ना? कोणाचं पान आहे?"

"कोणाचं नाही."

"नाही कसं? पंचमीला कोण गेलं तुमच्याकडे?"

"कोणी गेलं नाही, काका. घरच्या जेवणाला नेतेय."

ते थोडे मागे सरकले. चेहऱ्यावर फसवणूक झाल्याचा भाव. "म्हणजे सगळे आहेत?"

"सगळे आहेत."

"किती?"

"अकरा."

"अरेरे," ते म्हणाले.

खोटं सांगत नाही, हाच शब्द. आवाजही तोच, जो आपण कोणाकडे सांत्वनाला गेल्यावर दारात चपला काढताना लावतो. मावशींनी तराजू धरलेल्या हातानेच पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की त्यांनाही वाईट वाटलं होतं, मला सांगता येणार नाही.

इथे मी निघायला हवं होतं. पण गवारीचं वजन व्हायचं होतं, आणि मावशी एकेक शेंग अशी टाकत होत्या की जणू सोनं तोलतायत. तेवढ्यात काकांना दुसरी शक्यता सुचली.

"मेस आहे का तुमची?"

"नाही हो."

"लपवू नका. मी काही महापालिकेचा माणूस नाही. माझा पुतण्या सातपूरला कंपनीत आहे. डब्याचे हाल आहेत पोराचे. काय घेता ताटाचं?"

आता मी "मेस नाही" एवढं पुन्हा म्हणून गप्प बसायला हवं होतं. पण का कोण जाणे, डोक्यात गणित सुरू झालं. अकरा माणसं, दोन वेळा, तीस दिवस: 660 ताटं. किराणा, दूध, भाजी, सिलिंडर मिळून आमचे साधारण 30 हजार जातात. 30 हजार भागिले 660. तक्त्यात हा आकडा कुठेही नाही. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, घरात मला हे कोणी विचारलं नव्हतं आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. नदीच्या काठावर, एका लिंबूवाल्या माणसासमोर उत्तर आलं.

"पंचेचाळीस पडतं," मी म्हटलं. आणि लाज वाटायच्या ऐवजी मला जरा अभिमानच वाटला.

"पोळ्या किती?"

"पोटभर."

"पोटभर म्हणजे किती?"

आमच्याकडे रोज साठ पोळ्या लागतात. दोन किलो कणीक. माझा मोठा सतरा वर्षांचा आहे, तो एका बैठकीला आठ खातो आणि "हलकंच जेवलो" म्हणून उठतो. वर्षाचा गहू सात क्विंटलच्या घरात जातो. फ्लॅटमध्ये तेवढा मावत नाही, म्हणून उन्हाळ्यात तीन क्विंटल एरंडेल चोळून भरतो आणि बाकीचा लागेल तसा आणतो. त्या तिनातले दोन क्विंटल दीर-जावेच्या पलंगाखालच्या कप्प्यात असतात. गहू काढायचा झाला की आधी त्यांना उठवावं लागतं. दिवाळीपर्यंत पलंग हलका होतो आणि कुरकुरायला लागतो, त्यावरून आम्हाला गहू किती उरला ते कळतं. हे सगळं काकांना सांगण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, "चार."

"भाताबरोबर वरण की आमटी?"

"एक दिवसाआड."

"कांदा-लसूण?"

हा प्रश्न आमच्या घरात विचारू नये. नाशिक जिल्ह्यात राहतो, लासलगावचा कांदा देशभर जातो, आणि आमच्या सासूबाई कांदेनवमीला शेवटची भजी खाऊन जे तोंड बंद करतात ते कार्तिकी एकादशीनंतरच उघडतात. आत्याबाई त्याही पुढच्या, त्या मसूरही खात नाहीत. दीर प्रोटीनवर आहेत. म्हणजे आम्ही जे खातो ते सगळं खाऊन वर चार अंडी, आणि अंड्यांचा तवा वेगळा. सासऱ्यांचे दात गेले, त्यांची भाजी वेगळी शिजवून घोटायची. धाकट्या पुतणीला हिरवं काही दिसता कामा नये. त्यामुळे एक भाजी म्हणजे कमीत कमी अडीच भाज्या, आणि तक्त्यात चौकोन एकच. दुधीचं मी काय काय केलंय! थालीपीठ, कोफ्ता, सांबार, एकदा तर हलवा म्हणून गाजराच्या नावाखाली खपवायचा प्रयत्न केला. रंगावरून पकडले गेले.

"चालेल तसं," मी म्हटलं.

"दही?"

"ताक."

"रविवारी गोड?"

मी काहीतरी पुटपुटले. मावशींचं वजन झालं होतं. दोनशे चाळीस झाले. म्हणजे दिवसाचं अंदाजपत्रक एका गवारीतच बुडालं, भोपळा धरायच्या आधीच. मी पर्समध्ये सुटे शोधत होते. काका जवळ आले, आवाज खाली आणला.

"एक विचारू? या पंचेचाळीसमध्ये तुमची मजुरी धरलीय का?"

सुटे शोधायचे थांबले. खरं सांगते, डोळ्यांत पाणीच यायचं राहिलं. या माणसाबद्दल दहा मिनिटं जे जे मनात आणलं होतं ते सगळं मी परत घेतलं. पहाटे साडेपाचला कणीक, सातला पाच डबे, बाराला दुसरा कुकर, चारला उद्याचं कडधान्य, रात्री ओटा. नवऱ्याच्या तक्त्यात सिलिंडरला रकाना आहे, मिक्सरच्या विजेला आहे. शेवटी "इतर" नावाचा एक आहे, त्यात काडेपेटी येते. मी काडेपेटीतही नाही. आणि हा परका माणूस, ज्याचा माझ्याशी संबंध कढीलिंबाच्या काडीएवढाही नाही...

"नाही धरली," मी म्हटलं.

"बघा," ते खुशीत म्हणाले. "मग चाळीसला द्यायला काय हरकत आहे? तुमच्या खिशातलं तर काही जात नाही!"

मावशी आता उघड हसल्या.

मी पैसे दिले, पिशव्या उचलल्या. पिशव्यांचे बंद बोटांत रुतत होते. काका चार पावलं बरोबर आले. नदीकडे हात करून म्हणाले, तिकडे एकेकाला पान वाढायला माणूस मिळत नाही, आणि तुमच्याकडे खाणारे अकरा, भाग्यवान आहात. "अरेरे" म्हणणारे तेच हे. मग त्यांनी लिंबाच्या पुडीचा कागद फाडून त्यावर पुतण्याचा नंबर लिहून दिला. मी तो घेतला. का घेतला ते विचारू नका, हात मोकळा नव्हता म्हणून दाताने धरला.

रिक्षा केली नाही. तीस रुपये वाचवले आणि घरी येईपर्यंत खांदा धरला. मलमाला तक्त्यात रकाना नाही.

घरी सासूबाई आणि आत्याबाई ओट्याशी बसल्याच होत्या. जरा तरी कोणी चिडेल, "असा कसा माणूस!" म्हणेल, या आशेने मी सगळं साग्रसंगीत सांगितलं. आत्याबाईंना कमी ऐकू येतं. त्यांनी पंचमी एवढंच ऐकलं आणि "कोण गं गेलं?" म्हणून हात जोडले. सासूबाई मात्र मन लावून ऐकत होत्या. पूर्ण झाल्यावर त्यांनी परात पुढे ओढली.

"किती सांगितलेस म्हणालीस?"

"पंचेचाळीस."

"बावळटच आहेस. पोटभर पोळ्या आणि ताक देऊन पंचेचाळीस? साठ सांगायचे, पंचावन्नला द्यायचं."

"अहो आई, पण आपली मेस नाहीये!"

"ते खरं गं," त्या म्हणाल्या, आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या. "रविवारी गोड कबूल केलं नाहीस ना?"

मी खाली मान घालून गवार मोडायला घेतली.