'रडगाणं' म्हणणाऱ्या पुणेकर वाचकांना उत्तर

पुण्याहून 'एक क्रीडारसिक' या टोपणनावाने आलेली प्रतिक्रिया काल रात्री वाचली. उत्तर लगेच लिहिलं नाही, कारण रागात लिहिलेलं नीट होत नाही. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 1996 साली दिल्लीत सुरू झालेली, पुढच्याच वर्षी चेन्नईला गेलेली, 2018 पासून पुण्यात बालेवाडीला भरणारी आणि 2023 नंतर बंद पडलेली टेनिसची एटीपी 250 स्पर्धा (एटीपी म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसचा जागतिक दौरा, 250 ही त्यातली खालची श्रेणी), तिच्यावरचा माझा लेख यांना रडगाणं वाटला. स्पर्धा अगदी खालच्या दर्जाची, नावाजलेले खेळाडू फिरकत नव्हते, सरकारी पैसा वाया जात होता, लेख लांबलाय, अशी यादी आहे. आणि मग हे, शब्दशः देतो: 'सत्तावीस वेळा भरवून एकही भारतीय एकेरीत जिंकला नाही, मग गेली तर गेली. इंदूरला बसून पुण्याच्या स्पर्धेचं श्राद्ध घालायची तुम्हाला काय गरज?'

साहेब, मतभेदाचं मला वावडं नाही. या ब्लॉगवर लोकांनी माझी सालं दुरुस्त केली आहेत, मतं खोडून काढली आहेत, मी सगळं छापलंय. पण 'श्राद्ध' हा शब्द वापरताना तुम्ही क्षणभर तरी थांबायला हवं होतं. ज्या गोष्टीवर एखाद्याचा मनापासून जीव आहे, तिच्याबद्दल असं बोलायची पद्धत आमच्या घरात नव्हती. आणि 'इंदूरला बसून' म्हणजे काय? टेनिसवर लिहायला कोथरूडचा पत्ता लागतो का? हा तोच देश आहे ना, ज्याचा डेव्हिस कप संघ 2014 च्या सुरुवातीला चायनीज तैपेईशी इंदूरलाच खेळला आणि 5-0 ने जिंकला? त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इथे चॅलेंजर स्पर्धा (एटीपी दौऱ्याच्या खालची पायरी) झाली, ती आपल्या साकेत मायनेनीने जिंकली. आमच्या गावाला खेळ कळत नाही असं सुचवणाऱ्याने इंदूरच्या होळकर क्रिकेट संघाची चार रणजी विजेतेपदं एकदा आठवावीत. तो संघही 1955 ला संपला. संघ गेला की गावातल्या मुलांचं काय जातं, हे रामबागेतल्या जुन्या माणसांकडून ऐकत मी मोठा झालोय. म्हणून या विषयावर माझा जीव तुटतो.

एक गोष्ट मान्य करतो. पुण्यातल्या वर्षांत मोठी नावं चेन्नईपेक्षा कमी आली. चेन्नईने राफ्टर, मोया, नदाल पाहिले, वावरिंका तिथे चार वेळा जिंकला. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दोहा आणि ब्रिस्बेन यांच्याशी स्पर्धा असायची, तिकडे पैसा जास्त. हे तुमचं बरोबर आहे.

आता ते वाक्य. 'एकही भारतीय एकेरीत जिंकला नाही.'

खरं आहे, नाही जिंकला. पण स्पर्धा कशासाठी असते, याची तुमची कल्पनाच मुळात चुकीची आहे. 28 जणांच्या ड्रॉमध्ये, म्हणजे मुख्य स्पर्धेच्या यादीत, तीन वाइल्ड कार्डं, म्हणजे क्रमवारी न पाहता थेट प्रवेश, यजमानांच्या हातात असतात. जागतिक क्रमवारीत 200 च्या बाहेर असलेल्या आपल्या मुलाला एटीपीच्या मुख्य ड्रॉचं दार इतक्या सहज दुसरीकडे कुठे उघडतं? 2009 साली सोमदेव देववर्मनला चेन्नईत असंच कार्ड मिळालं. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळून नुकताच व्यावसायिक झालेला पोरगा. त्याने दोन वेळच्या विजेत्या मोयाला हरवलं, मग कार्लोविचची ती झाडावरून आल्यासारखी सर्व्हिस परतवून त्यालाही हरवलं. उपांत्य फेरीत श्युटलर दुखापतीमुळे उतरला नाही आणि सोमदेव अंतिम फेरीत गेला. चिलिचकडून हरला, सरळ दोन सेटमध्ये. तुमच्या हिशेबात हे 'जिंकला नाही' या रकान्यात जाईल. पण पुढच्याच वर्षी दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आणि ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याने एकेरीचं सुवर्ण आणलं, 2011 ला जागतिक क्रमवारीत 62 वर पोहोचला. त्या आठवड्याचा या सगळ्याशी काहीच संबंध नाही, असं तुम्ही छातीवर हात ठेवून म्हणाल का?

आणि 'एकेरीत' हा शब्द तुम्ही मोठ्या सोयीने घातलात. पेस आणि भूपती यांचं जोडीने मिळवलेलं पहिलं एटीपी विजेतेपद 1997 चं, याच स्पर्धेतलं. ते दोघं ही स्पर्धा पाच वेळा जिंकले. पुण्यात 2019 ला बोपण्णा आणि दिविज शरण जिंकले, 2022 ला बोपण्णा आणि रामकुमार. ही माणसं तुमच्या यादीत भारतीय नाहीत का?

मी हे पुस्तकातून वाचून सांगत नाही. मी स्वतः मध्य प्रदेशाकडून ज्युनियर गटात खेळलोय, नंतर बरीच वर्षं राजेंद्रनगरच्या मुलांना शिकवलंय. 2014 च्या चॅलेंजरला मी रोज जात होतो. पहिल्या फेरीत हरलेला एक भारतीय खेळाडू कोर्टाबाहेर पायरीवर बसून जुनी ग्रिप सोडवत होता. घामाने ती दांड्याला इतकी चिकटलेली की नखांनी खरवडावी लागत होती. फोन खांद्याने कानाशी धरून तो घरी विचारत होता, रात्रीच्या गाडीचं तिकीट कन्फर्म झालं का. त्या काळी 50 हजार डॉलरच्या चॅलेंजरमध्ये पहिल्या फेरीत हरणाऱ्याला 520 डॉलर मिळायचे. परदेशात हरला असता तर विमानाचं भाडंही निघालं नसतं. घराजवळ स्पर्धा असली की असा मुलगा आणखी एक मोसम टिकतो. साकेत टिकला, 2016 ला पात्रता फेऱ्या पार करून अमेरिकन ओपनच्या मुख्य ड्रॉमध्ये पोहोचला आणि वेसेलीशी पाच सेट लढला. तोच वेसेली 2020 ला पुण्यात विजेता ठरला. 'खालचा दर्जा' म्हणून नाक मुरडताना हा जिना नजरेसमोर ठेवा.

सरकारी पैशाबद्दल तुम्ही एकही आकडा दिलेला नाही, म्हणून त्यावर बोलत नाही. लेख लांबला असेल तर वाचू नका.

शेवटच्या वर्षी, जानेवारी 2023 मध्ये, बालेवाडीला मानस धामणे वाइल्ड कार्डवर मुख्य ड्रॉमध्ये उतरला. वय 15. अमेरिकेच्या मायकल मो याच्याकडून दोन सेटमध्ये हरला. त्यानंतर पुण्याची स्पर्धा बंद झाली आणि 2024 पासून वर्षाचा तो पहिला आठवडा हाँगकाँगकडे गेला. आता मानसच्या मागून येणाऱ्या पोराला ते कार्ड कोण देणार, हाँगकाँगवाले? तुमच्या गावात, तुमच्या डोळ्यांदेखत ही स्पर्धा होत होती, आणि ती गेल्याचं तुम्हाला काहीच वाटत नाही, याचं मला खरोखर आश्चर्य वाटतं. या एका प्रश्नाचं उत्तर असेल तर लिहा, मी छापीन. मात्र टोपणनाव नको, स्वतःच्या नावाने लिहा.