सूर्य दक्षिणेला मावळवणाऱ्यांनो, नमस्कार

काल आमच्या फोटोग्रुपच्या स्पर्धेचा निकाल लागला. विषय ‘वारसा’. पहिला नंबर शनिवारवाडा. शनिवारवाडा म्हणजे अर्थातच दिल्ली दरवाजा, बाकीच्या चार दरवाजांचं कुणाला काय पडलंय! आणि त्या दरवाजाच्या मागे, नगारखान्याच्या बरोब्बर डोक्यावर, भगवा-जांभळा सूर्यास्त. ढग पेटलेले. वर पक्ष्यांची माळ.

अहो, तो दरवाजा उत्तरेला तोंड करून उभा आहे! पेशव्यांच्या काळापासून उभा आहे. १८२८ च्या आगीत आतला वाडा जळून गेला, तरी हा आपला उत्तरेकडेच बघतोय. म्हणजे त्याच्यासमोर कॅमेरा घेऊन उभा राहणारा माणूस दक्षिणेकडे बघत असतो. आणि याच्या फोटोत सूर्य दक्षिणेला मावळलाय. ऐन डिसेंबरातसुद्धा पुण्यात सूर्य पश्चिमेपासून दक्षिणेकडे सरकून सरकून पंचवीस अंश सरकतो. तो तुमच्या उजव्या खांद्याकडे मावळतो, राव. सोळा मिलिमीटरची, चिक्कार रुंद दिसणारी लेन्स लावलीत तरी चौकटीत येत नाही.

बरं, दुसऱ्या फोटोतलं आकाश आणून चिकटवलं तर चिकटवलं. पण मी फोटो झूम करून बघितला (नको होतं बघायला) आणि डोकंच फिरलं. बाजीरावांच्या पुतळ्याची सावली डावीकडे, किंचित दरवाजाच्या बाजूला पडलेली. म्हणजे मूळ ऊन उजवीकडून, थोडं फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागून आलेलं. म्हणजे हा फोटो उन्हाळ्यातल्या संध्याकाळी काढलेला, सूर्य वायव्येला झुकलेला असताना! बुरुजांच्या दगडांचे सांधे न् सांधे उठलेत, खालचा काळा दगड आणि वरची वीट वेगवेगळी दिसतेय. हे ऊन त्या भिंतीवर थंडीत पडतच नाही. थंडीत ती दिवसभर सावलीत असते आणि मागचं आकाश पांढरंफटक. हे ऊन मिळतं ते एप्रिल-मेमधे, सकाळी उठल्या उठल्या किंवा संध्याकाळी उशिरा, तेही आजूबाजूच्या इमारती आडव्या आल्या नाहीत तर. जूनमधे ते अजून चांगलं पडलं असतं, पण जूनमधे ढग. मी त्या उन्हासाठी वर्षवर्ष टपून बसतो. या पठ्ठ्याला ते आयतं मिळालं, आणि त्याने त्याच्यावर तयार आकाश डकवलं. सोन्याच्या पाटल्यांना चंदेरी रंग मारावा तसं.

परीक्षकांचा शेरा : ‘आकाशामुळे ड्रामा आला.’

मी ग्रुपवर अगदी सभ्यपणे लिहिलं, की सावलीची दिशा एकदा बघावी. उत्तर आलं, ‘काका, क्रिएटिव्हिटी असते हो ती.’ खाली सोळा अंगठे. त्या काका शब्दाबद्दल मी इथे काही बोलणार नाही.

आणि फोटोत तेवढंच असतं तर! दोन्ही बुरुज एकमेकांकडे कलून कुजबुजतायत. कॅमेऱ्याचं तोंड वर केलं की इमारत मागे झुकते, हे पहिल्या दिवशी कळतं. पण सगळ्यांना दरवाजाला नाक लावूनच फोटो काढायचा असतो. मागे सरका ना. मागे सरकलं की कॅमेरा सरळ धरता येतो, खालची अर्धी चौकट फरशीत जाते, ती नंतर कापता येते. ‘सॉफ्टवेअरमधे सरळ करून घ्या’ म्हणणारे वेगळेच. सरळ करताना वरचे दोन्ही कोपरे कापले जातात, आणि यांनी नगारखाना आधीच चौकटीच्या काठाला टेकवलेला असतो. मग कापून काय उरतं? मुंडकं उडालेला दिल्ली दरवाजा. शिफ्ट लेन्स (कॅमेरा न कलवता चौकट वर सरकवणारी) घ्या, असंही एकाने सुचवलं होतं. घेतो हं. किडनीला गिऱ्हाईक बघा.

वर एचडीआर, म्हणजे कमी-जास्त उजेडाचे फोटो एकात जोडणं. नगारखान्याच्या कडेने पांढरं तेजोवलय, आपण जणू संतांचा फोटो काढलाय. दगड प्लॅस्टिकचा. सावली नावाची गोष्टच नाही, कमानीच्या आतला काळोखसुद्धा उपसून बाहेर काढलेला. कमानीत काळोख असू द्या हो थोडा! तिला खोली त्यानेच येते. तीन एक्सपोजर घ्यायला माझी काही हरकत नाही, मीही घेतो. पण ती जोडल्यावर मधून चालणारा माणूस तीन ठिकाणी अर्धा अर्धा दिसतो, तो तरी पुसा.

आमच्याकडे एक सर्वज्ञ गृहस्थ आहेत, ‘ऑटो बेस्ट’ वाले, म्हणजे उजेड किती घ्यायचा ते कॅमेऱ्यालाच ठरवू द्या म्हणणारे. ऑटोला सगळं जग करडं करायचं असतं. बिबी का मकबरा काढला की पांढरा घुमट मळका येतो, वेरूळचा काळा कातळ काढला की राखेसारखा. मकबऱ्याला एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, वाढवा, कातळाला थोडं उतरवा, विषय संपला. हे मी सांगितलं तर म्हणाले, ‘आमच्या फोनमधे ते आपोआप होतं.’ होतं ना. म्हणूनच तुमचं कैलास लेणं सिमेंटचं दिसतं. वरून त्यांनी ते सकाळी नऊला काढलेलं. लेण्याचं तोंड पश्चिमेला, सकाळी सगळा दर्शनी भाग सावलीत. पण दुपारी बस निघायची असते.

आणि गोल्डन अवर, ती उगवती-मावळतीची सोनेरी वेळ! पहाटेच्या लोकलने गेटवेला जायचं, कबुतरं उडवायची आणि तक्रार करायची, की गेटवे काळा आला. गेटवे समुद्राकडे बघतो, बाबांनो. सूर्य त्याच्या पलीकडे, समुद्रातून उगवतो. आपण या बाजूला. काळाच येणार. पिवळा बेसॉल्ट पिवळा दिसायला हवा असेल तर दुपार कलल्यावर जा. पण नाही, गर्दी असते म्हणे. १९२४ साली बांधून झालेली इमारत आहे, शंभर वर्षं गर्दीच बघतेय. एखादं माणूस राहू द्या चौकटीत, कमान केवढी उंच आहे ते तरी कळेल.

आता मला मान्य आहे, की मलाही थोडा आजार झालाय. घरात ऐतिहासिक मालिका लागली की बायको आधी बजावते, ‘सावल्यांवर बोलायचं नाही.’ भाचीच्या रिसेप्शनला स्टेजमागची थर्माकोलची कमान अडीच अंश डावीकडे कललेली होती, आणि मी आहेर द्यायच्या आधी डेकोरेशनवाल्याला गाठलं. त्याने मला वधूपक्षाकडचा समजून ज्यूस दिला. मी प्यायलो. पण कमान सरळ करून घेतली.

असो. आजार माझा असला तरी सूर्य माझा नाही, तो सगळ्यांनाच पश्चिमेला मावळतो.

बाकी रात्री काढा म्हणणाऱ्यांसाठी : हल्ली वारशावर दिवे सोडतात. जांभळा, मग हिरवा, मग गुलाबी. त्या एलईडीच्या जांभळ्यात निळा चॅनेल, म्हणजे फोटोतला निळ्याचा हिस्सा, कधीच फुटून जातो आणि हिस्टोग्रामचा (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखाचा) पांढरा डोंगर शहाण्यासारखा मधे बसलेला असतो. घरी येऊन बघावं तर दगडाच्या जागी निळा डाग. त्यापेक्षा मावळल्यानंतरची पंधरा-वीस मिनिटं, आकाश अजून निळं आणि दिवे नुकतेच लागलेले, हा वेळ साधा. तेव्हा दोन्ही उजेड जवळपास सारखे पडतात. ट्रायपॉड तर परवानगीशिवाय लावूच देत नाहीत, म्हणून कठड्यावर कॅमेरा टेकवून श्वास रोखायचा. तेवढ्यात प्रीवेडिंगवाले येतात. त्यांच्याकडे धुराची नळकांडी असतात, माणसं असतात, आणि नवरीचा सहा फुटी पदर उडवायला खास एक मुलगा असतो. ‘सर, जरा बाजूला होता का, तुम्ही फ्रेममधे येताय.’

मी येतोय! फ्रेममधे!

पुढच्या महिन्याचा विषय ‘घाट’. वाईजवळच्या मेणवलीला जायचं ठरतंय. नाना फडणवीसांचा वाडा, कृष्णेच्या पायऱ्या, मोठी घंटा. घाटावर ऊन कुठल्या बाजूने येतं, हे मी कालच नकाशावर बघून ठेवलं आणि ग्रुपवर टाकलं. त्यावर आत्तापर्यंत एकच प्रतिसाद आलाय : ‘काका, ड्रोन आणू का?’