एरर नाही, ठोकलंय ते नाणं

बास करा आता खरंच. कुठलंही ठेचलेलं, घासलेलं, रेल्वे रुळावर ठेवून चपटं केलेलं नाणं उचलायचं, विकायला फोटो टाकायचा आणि खाली लिहायचं रेअर एरर, म्हणजे टांकसाळीतल्या चुकीने वेगळं निघालेलं दुर्मिळ नाणं, किंमत पंचवीस हजार, फक्त सिरियस बायर. कसला एरर? टांकसाळीत चूक होते ती ब्लँक (ठसा पडायच्या आधीची कोरी चकती) किंवा डाय (ठशाचा साचा) तयार होताना नाहीतर प्रेसखाली ठसा पडताना, त्यानंतर बाहेर येऊन त्याचं जे काय झालं ते डॅमेज, विषय संपला.

सगळ्यात डोकं फिरतं ते दहाच्या नाण्यावरून. मधला पांढरा तुकडा ठोकून काढायचा, जरा फिरवून परत बसवायचा आणि म्हणायचं बघा सिंह तिरके आलेत. अहो, रिंग आणि मधला भाग प्रेसखाली एकत्रच जातात, एकाच फटक्यात दोन्हीवर ठसा उमटतो, मग रिंगवरची अक्षरं जागच्या जागी आणि आतले सिंह तेवढे फिरलेले असं होईलच कसं? सांध्यावर भिंग धरा, ठोकल्याचे ओरखडे दिसतात.

आणि लाखीच्या, म्हणजे एकाच बाजूचं चित्र दोन्हीकडे आलेल्या एरर नाण्याच्या, नावाने तर उघड लूट चाललीय. खऱ्या लाखीत आधीचं नाणं डायला चिकटून राहतं आणि पुढचा कोरा ब्लँक त्याच्यावर दाबला जातो, म्हणून एका बाजूला सिंह नेहमीसारखे उठावाचे आणि दुसऱ्या बाजूला तेच सिंह खोलगट आणि उलटे, आरशात दिसतात तसे, आकड्याचा ठसा तिथे कधी पडलेलाच नसतो. प्रदर्शनात एक जण मला लाखी म्हणून जे दाखवत होता त्यात खोलगट सिंहांच्या खाली चपटा झालेला 1 चा आकडा सरळ दिसत होता, म्हणजे वाइसमध्ये (लोखंडी शिकंज्यात) दोन नाणी आवळलेली, आणि हे तो शाळेतल्या पोरांना विकत होता, पॉकेटमनी घेऊन!! संताप होतो हो.

बारीक झालेलं नाणं दिसलं की आधी वजन करा, छोटा डिजिटल काटा काही महाग नाही. जुना 25 मिमीचा स्टीलचा रुपया 4.85 ग्रॅम, दहाचं नाणं 7.71. वजन बरंच कमी, अक्षरं पुसट आणि पृष्ठभाग खरबरीत असेल तर पहिला संशय ॲसिडचाच घ्या. निळसर-पिवळी झाक असलेला स्टीलचा रुपया म्हणजे गॅसवर तापवलेला. कड कापलेली असेल तर कापाजवळची अक्षरं बघा, खऱ्या क्लिपमध्ये, म्हणजे ब्लँकच मुळात कड तुटका कापला गेला असेल तर, ती कापाकडे ओढल्यासारखी पसरतात, करवतीने कापलं की कचकन तुटलेली.

वर ते रील्सवाले, वैष्णोदेवीचं नाणं द्या लाखो घ्या, आरबीआय विकत घेतंय म्हणे. रिझर्व्ह बँकेने 2021 मध्येच जाहीर सांगितलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी आमचा काही संबंध नाही, तरी लोक या भामट्यांना प्रोसेसिंग फी भरतातच.

विकायचंय ना? मग दोन्ही बाजू, कड आणि काट्यावरचं वजन असे स्वच्छ फोटो टाका. नसेल जमत तर एरर हा शब्द लिहू नका, आणि चांगली नाणी ठोकणं आधी बंद करा.