माणसे किंवा सामान

आमची जुनी मिनीव्हॅन विकून टाकावी, असा ठराव एका रविवारी पोहे खाऊन झाल्यावर तीन विरुद्ध एक अशा बहुमताने संमत झाला. विरोधातले एकुलते एक मत माझे होते आणि नव्या गाडीचा हप्ता ज्याच्या खात्यातून जाणार होता तो इसमही मीच होतो. लोकशाहीत असे योगायोग घडायचेच.

ठराव मांडला माझ्या 15 वर्षांच्या मुलीने. ‘बाबा, शाळेच्या दारात नको, कोपऱ्यावर सोड,’ असे ती वर्षभर म्हणत होती आणि तो कोपरा दर महिन्याला शाळेपासून थोडा थोडा लांब सरकत चालला होता. अनुमोदन बायकोचे होते आणि तिची कारणे, खरे सांगायचे तर, रास्त होती. अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या जानेवारीत आमच्या घरापुढचा चढ गोठला की पुढच्या दोन चाकांवर चालणारी ती व्हॅन जागच्या जागी चाके फिरवत बसायची, आणि डाव्या सरकत्या दाराची मोटर थंडीत अशी काही बिनसायची की दार अर्ध्यापर्यंत येऊन आपला विचार बदलायचे. राहता राहिला 11 वर्षांचा मुलगा. त्याला काचेच्या छपराचे आमिष दाखवून फोडण्यात आले होते.

ही व्हॅन आम्ही 2012 मध्ये, या मुलाच्या जन्माच्या तोंडावर घेतली होती आणि ती तोपर्यंत 1,68,000 मैल धावली होती. त्यातले निम्मे मैल तरी मराठी मंडळाचे असावेत, कारण आमच्या एडिसन गावात ज्याच्याकडे मिनीव्हॅन असते तो, त्याची इच्छा असो वा नसो, मंडळाचा आजन्म कार्यकर्ता असतो. निवडणुकीला उभे राहावे लागत नाही. भाद्रपद जवळ आला की फोनच येतो. त्या गाडीतून मी गणपतीचे मखर नेले आहे, चार ढोल आणि ते वाजवणारी तीन पोरे एका खेपेत नेली आहेत, आणि 80 माणसांच्या मसालेभाताचे पातेले सीटबेल्ट लावून नेले आहे. त्या भाताचा वास मग दिवाळीपर्यंत गाडीत नांदत असे. मधल्या खुर्च्या उचलून बाहेर काढल्या की आत एक छोटी खोलीच तयार व्हायची. त्या खोलीतून आम्ही एका नवविवाहित जोडप्याचा सोफाही पोहोचता केला होता. आणि शेवटच्या रांगेच्या मागे, जिथे ती रांग दुमडून जमिनीत गडप होत असे, तिथे एक खोल खड्डा होता. सगळ्या खुर्च्या जागेवर असतानाही त्या मागच्या भागात 38 घनफूट सामान मावे. कंपनीच्या पुस्तिकेत हा आकडा छापलेला होता आणि तो मला कुलदैवताच्या नावासारखा पाठ होता.

ठराव संमत झाल्यावरही मी कुटुंबाला इतिहास सांगून पाहिला. ली आयकोका आणि हॅल स्पर्लिक या दोन बड्या अधिकाऱ्यांना फोर्डमधून काढून टाकण्यात आले होते आणि जी कल्पना तिथे कोणी मनावर घेतली नव्हती तीच त्यांनी कर्जाच्या सरकारी हमीवर कसाबसा श्वास घेणाऱ्या क्रायस्लरमध्ये राबवली. 1983 च्या नोव्हेंबरात पहिली मिनीव्हॅन बाहेर पडली आणि कंपनीला तिने अक्षरशः तारले. त्या गाडीला सरकते दार एकाच, म्हणजे उजव्या, बाजूला होते; डावीकडचे दार यायला 1996 चे मॉडेल उजाडावे लागले. सन 2000 मध्ये तर या देशात वर्षाला 13 लाखांहून अधिक मिनीव्हॅन विकल्या गेल्या. ‘मग पुढे काय झालं?’ मुलाने विचारले. पुढे काय झाले ते समोरच बसले होते आणि कानात इअरफोन घालून पोहे खात होते. ज्यांचे बालपण स्टेशन वॅगन नावाच्या लांबट मोटारीच्या मागच्या बाकावर गेले त्यांनी मोठेपणी तिला नाके मुरडून व्हॅन घेतली, व्हॅनमध्ये वाढलेल्यांनी व्हॅनला नाके मुरडून तीन रांगांची क्रॉसओव्हर, म्हणजे जीपसारखी दिसणारी उंच मोटार, घेतली, आणि म्हणून माझ्या मुलीची मुले एके दिवशी तिला कोपऱ्यावर थांबायला सांगतील, एवढ्या आशेवर मी गाडी बघायला तयार झालो.

डीलरकडे जाताना मी माळ्यावरच्या तीन मोठ्या बॅगा उतरवून व्हॅनमध्ये टाकल्या. मुंबईच्या विमानात 23 किलो भरून चढवतात त्या या बॅगा. ‘तू रिकाम्या बॅगा घेऊन शोरूममध्ये जाणार?’ बायकोने विचारले. मुलीने तर गाडीतून उतरायलाच नकार दिला. पण उन्हाळ्यात पुण्याहून आई-बाबा येणार होते, त्यांना आणायला विमानतळावर आम्ही चौघेही जातो असा आमच्या घराचा रिवाज आहे, आणि गाडी घेताना छप्पर आणि टचस्क्रीन बघण्यापेक्षा बॅगा मावतात की नाही हे बघावे, असे माझे तेव्हाही मत होते.

सेल्समन हा हसतमुख तरुण होता. गाडी दिसायला देखणी होती, हे मी नाकारत नाही. उंच कपाळ, रुंद जबडा, आणि चेहऱ्यावर असा भाव की आत्ता कोणीतरी आपल्याला हिमालयात घेऊन जाणार आहे. मी मागचे दार उघडून पहिली बॅग उभी ठेवली, शेजारी दुसरी ठेवली, आणि तिसरी आडवी, तिरकी, उलटी अशी सर्व आसनांत घालून पाहिली. दार खाली येई, बॅगेच्या टोकाला हलकेच स्पर्श करी आणि दोनदा पिकपिक करून अदबीने परत वर जाई. तिसऱ्या रांगेच्या मागची जागा 16 घनफूट आहे, असे त्या तरुणाने टॅब्लेटमध्ये पाहून सांगितले. मी 38 म्हणालो. त्याला वाटले मी वय सांगतो आहे.

‘तिसरी रांग आडवी केली की भरपूर जागा होते,’ तो म्हणाला.

‘मग माणसे कुठे बसतील?’

‘माणसे असतील तेव्हा रांग उभी करायची.’

‘आणि सामान?’

तो क्षणभर थांबला आणि ज्या समजूतदार स्वरात डॉक्टर पथ्य सांगतात त्या स्वरात म्हणाला, ‘सर, माणसे किंवा सामान.’

मग मी तिसऱ्या रांगेत बसून बघण्याचा आग्रह धरला. मधली खुर्ची एका बटणाने पुढे झुकते आणि जी फट तयार होते तिच्यातून आधी एक पाय, मग डोके, मग जमेल तो अवयव, अशा क्रमाने आत शिरायचे असते. बसल्यावर माझे गुडघे कानांशी आले. असे का होते, हे मला त्या तरुणाने फारच मनापासून समजावले: मागच्या चाकांनाही ताकद पोहोचवणारा सगळा पसारा तिथे खाली असतो, त्यामुळे जमीन उंच येते, आणि छप्पर मात्र ऐटीत उतरते ठेवलेले असते, मधे जे काही उरते त्याला तिसरी रांग म्हणतात. कोकणात थंडीच्या दिवसांत लोक शेकोटीपाशी उकिडवे बसतात, नेमके ते आसन. फक्त शेकोटीच्या जागी समोरच्या खुर्चीची पाठ होती. बाहेर पडताना मी पाठमोरा निघालो, पाय जमिनीला लागेना, आणि त्या बिचाऱ्याने गुडघ्यावर बसून माझा बूट हाताने धरून जमिनीपर्यंत आणला. माझी मुलगी तेव्हाच नेमकी उतरून आत आली होती.

त्यानेच बोलता बोलता मला सांगितले, की त्याच कंपनीची मिनीव्हॅन आणि ही क्रॉसओव्हर यांचा सांगाडा मुळात एकच आहे. म्हणजे एकाच कणकेची एक पोळी आणि एक पुरी. फुगलेली म्हणून पुरीला मान जास्त, आणि पोट मात्र पोळीनेच भरते. हे मी मराठीत बायकोला सांगितले. ‘रंग कुठला घ्यायचा ते बोल,’ ती म्हणाली.

पुढचा व्यवहार लवकर सांगून टाकतो, कारण तो जितका लांबला तितका सांगण्याजोगा नाही. गाडीच्या काचेवर किमतीचा छापील कागद चिकटवलेला असतो. ओक्लाहोमाचे सिनेटर मन्रोनी यांनी 1958 मध्ये तसा कायदाच करून घेतला, आणि त्या कागदाला आजही त्यांचे नाव आहे. त्या कागदाच्या शेजारी डीलरने स्वतःचा दुसरा कागद चिकटवला होता आणि त्याची बेरीज वेगळी होती. सेल्समन ‘मॅनेजरशी बोलून येतो’ असे म्हणून सहा वेळा आत गेला. त्या मॅनेजरला आम्ही कधीच पाहिले नाही. गाभाऱ्यातल्या देवासारखा तो फक्त प्रसाद बाहेर पाठवत होता. शेवटी 6.625 टक्के विक्रीकर, कागदपत्रांचे शुल्क, आणि 72 हप्ते यांवर सह्या झाल्या. आसनांवर चहा सांडू नये म्हणून एक लेप असतो, तो मी नाकारला. आमच्याकडे चहा नाही, मसालेभात सांडतो.

जुन्या व्हॅनची किंमत ठरवायला जो गृहस्थ आला त्याने दार उघडले, एक श्वास घेतला आणि वहीत काहीतरी लिहिले. आकडा 2,800 डॉलर निघाला. नव्या गाडीच्या किमतीतून तेवढी रक्कम आधी वजा होऊन मग कर बसतो, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. गाडी रिकामी करायला त्यांनी आम्हाला अर्धा तास दिला आणि तो पुरला नाही. खुर्च्यांच्या खाली सहा एकांडे मोजे, भारतातली दहाची नोट, 2017 च्या गणेशोत्सवाची न फाडलेली जेवणाची कुपने, ढोलाचे एक टिपरू, आणि दगड होऊन गेलेला एक मोदक सापडला. मोदकाच्या कळ्या अजून मोजता येत होत्या. मुलीने तो कागदात गुंडाळला आणि खिशात ठेवला. का, ते मी विचारले नाही, आणि तीही काही बोलली नाही. बाजूचे दार मी शेवटचे बंद करायला गेलो तर ते अर्ध्यावर येऊन थांबले आणि परत उघडले.

नवी गाडी बर्फातून आमचा चढ लोण्यातून सुरी जावी तशी चढली, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. पण ओक ट्री रोडवरच्या वाणसामानाच्या दुकानापुढे शनिवारी दोन गाड्यांच्या मधे शिरल्यावर तिची दारे वीतभरच उघडतात, आणि कोथिंबिरीच्या जुड्या हातात धरून मला मागच्या दाराने आत चढताना आमच्या ओळखीच्या तीन कुटुंबांनी पाहिले आहे.

आई-बाबा जूनमध्ये आले. नवी गाडी त्यांना आश्चर्याचा धक्का म्हणून दाखवायची, असे मुलांनी ठरवल्यामुळे फोनवर कोणी अवाक्षर काढले नव्हते. नेवार्क विमानतळाच्या ‘बी’ टर्मिनलमधून दोघेही व्हीलचेअरवरून, चार मोठ्या बॅगा, दोन लहान बॅगा आणि लोणच्याची बरणी असलेली एक कापडी पिशवी घेऊन प्रकट झाले. रस्त्याच्या कडेला गाडी दोन मिनिटांहून जास्त उभी राहिली की तिथला पोलीस शिट्टी वाजवतो. मी बटण दाबून तिसरी रांग आडवी केली, तेव्हा बॅगा मावल्या आणि दोन माणसे उरली. रांग उभी केली, तेव्हा माणसे मावली आणि बॅगा रस्त्यावर आल्या. मग अर्धी रांग उभी आणि अर्धी आडवी केली, तेव्हा एक माणूस आणि एक बॅग उरली. पोलिसाची शिट्टी चालूच होती. व्हीलचेअर ढकलणारा माणूस हा सगळा प्रकार शांतपणे बघत होता. त्याच्या डोळ्यांत ओळखीची करुणा होती, दिवसातून दहा वेळा बघतो त्या गोष्टीकडे बघावे तशी.

आणि आईला अजून चढवायचे होते. तिच्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या आहेत. जुन्या व्हॅनमध्ये ती घराचा उंबरठा ओलांडावा तशी आत जाऊन बसायची. इथे तिने एकदा पायरीकडे, एकदा माझ्याकडे पाहिले.

‘अरे, घोड्यावर बसायचंय का मला?’

लहान बॅग आडवी ठेवून तिच्यावर एक पाय, गाडीच्या पायरीवर दुसरा, एका बाजूने मी आणि दुसऱ्या बाजूने नातू, अशी ती पैठणीच्या निऱ्या एका हातात धरून गाडीत चढली. बाबा पुढे बसले. तिसरी रांग पूर्ण आडवी झाली, सगळ्या बॅगा मागे गेल्या, आणि ठरावाची सूचक व अनुमोदक, म्हणजे माझी मुलगी आणि माझी बायको, या दोघींनी फोनवरून टॅक्सी मागवली. माझ्याकडे न बघता मागवली.

टर्नपाइक महामार्गाला लागेपर्यंत आईला झोप लागली. लोणच्याची पिशवी मांडीवर तशीच होती. नवी गाडी आणि विलंबित चाल, त्यामुळे आम्ही सावकाश आलो. आमच्या गल्लीत वळलो तेव्हा टॅक्सी आधीच आमच्या दारात येऊन उभी होती: रुपेरी रंगाची, लांबलचक, बुटकी मिनीव्हॅन. तिचे बाजूचे दार आपोआप, न अडखळता सरकले आणि दोघी ऐसपैस पाय टाकत उतरल्या.

गाडी थांबल्यामुळे आई जागी झाली. तिने चष्मा सारखा करून काचेतून बाहेर पाहिले.

‘अरे, आपली गाडी तर दारातच उभी आहे,’ ती म्हणाली. ‘मग ही कोणाची मागून आणलीस?’