खुलासा: नाकातलं रडार टक्कर टाळत नाही

‘विमानाच्या नाकातलं रडार समोरचं विमान हेरून आपोआप बाजूला वळवतं’ हा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. नाकातलं रडार ढग-पाऊस बघतं. टक्कर टाळते ती टीकॅस ही विमानातली वेगळी यंत्रणा: आसपासच्या विमानांच्या ट्रान्सपॉन्डरला (आपोआप उत्तर देणाऱ्या रेडिओ उपकरणाला) विचारून अंतर आणि उंची काढते. धोका दिसला की एका कॉकपिटमध्ये ‘क्लाइंब’ (वर जा), दुसऱ्यात ‘डिसेंड’ (खाली जा) असा आवाज येतो. डावं-उजवं नाहीच. आणि बहुतेक विमानांत ते पायलटलाच करावं लागतं. चौकशी अहवालानुसार १ जुलै २००२ ला जर्मनीत युबरलिंगेन गावावर टीकॅस ‘वर’ सांगत असताना एका विमानाच्या वैमानिकांनी जमिनीवरच्या कंट्रोलरचं ऐकून विमान खाली नेलं. दुसरंही खालीच येत होतं. दोन्ही धडकली, ७१ माणसं गेली. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.