पॉलिश पेपरने बोअर नवा होत नाही

गेले काही आठवडे मोबाइलवरून फिरणारा एक संदेश माझ्या मावसभावापर्यंत पोहोचला. तो त्याने नुसता वाचला असता तर प्रश्न नव्हता. पण त्याबरहुकूम त्याने स्वतःच्या वीस वर्षांहून जुन्या स्प्लेंडरचा ब्लॉक (ज्यात पिस्टन वरखाली फिरतो तो सिलिंडर) उतरवला, आतून घासला आणि पिस्टनवर नव्या रिंगा टाकून गाडी बांधलीसुद्धा. संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे : निळा धूर आला म्हणजे रिंगा गेल्या, बोअरिंग (झिजलेला बोअर, म्हणजे ब्लॉकचे आतले भोक, कापून मोठे आणि गोल करणे) सांगणारा मेकॅनिक पैसे उकळतो, ब्लॉक आतून पॉलिश पेपरने आरशासारखा करावा, फक्त रिंगा बदलाव्यात, चाळीसऐवजी नव्वद नंबरचे ऑइल ओतावे, आणि बोअरिंग केलेले इंजिन तसेही टिकत नाही. तीनशे किलोमीटरच्या आत गाडी पूर्वीपेक्षा जास्त धूर मारू लागली.

‘फक्त रिंगा बदला’ हा सल्ला बोअर सर्वत्र सारखाच झिजतो असे गृहीत धरतो, आणि ते साफ चूक आहे. पिस्टन वरच्या टोकाला क्षणभर थांबतो, तिथे तेलाचा थर तुटतो आणि स्फोटाचा दाब पहिल्या रिंगेला मागून भिंतीवर रेटतो; म्हणून सर्वांत जास्त झीज वरच्या भागात होते. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरका होऊन पिस्टनला ज्या बाजूंवर दाबतो तिथे ती अधिक असते, त्यामुळे बोअर वर रुंद, खाली अरुंद आणि थोडा लंबगोल होतो. अशा भोकात गोल रिंग सर्व बाजूंनी टेकणार कशी? हिशेबही सोपा आहे. व्यास ०.१५ मिलिमीटरने वाढला की परीघ त्याच्या ३.१४ पट, म्हणजे सुमारे ०.४७ मिलिमीटरने वाढतो, आणि ही सगळी वाढ रिंगेच्या दोन टोकांमधल्या फटीत येते. नव्या रिंगेची फट मुळात मिलिमीटरच्या दोन-तीन दशांशांची. ती वरच्या टोकाला दुपटीहून मोठी होते, आणि रिंग नवी असूनही दाब खाली गळत राहतो.

याहून वाईट गोष्ट म्हणजे पायरी. रिंग जिथवर पोहोचते त्याच्या वरचा काठ झिजत नाही, म्हणून तिथे एक कड उरते. मिस्त्री ‘स्टेप पडली’ म्हणतात ती हीच. जुनी रिंग या कडेबरोबरच झिजून गोलावलेली असते, पण नव्या रिंगेची कोरी धार तिच्यावर आपटते आणि रिंग मोडते. भावाची पहिली रिंग अशीच मोडली आणि तिच्या तुकड्याने बोअरला वरपासून खालपर्यंत ओरखडा पाडला.

आता तो आरसा. होनिंग करताना, म्हणजे घासणीच्या दगडाने बोअर शेवटचा घासताना, त्याच्यावर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी मुद्दाम पाडली जाते. तिच्यात तेल टिकते आणि तिच्याच खरखरीवर नव्या रिंगा घासून बसतात. भिंत गुळगुळीत केली तर रिंगा बसतच नाहीत. हाताने, बोटाच्या कमीजास्त दाबाने घासल्यावर बोअर गोल राहत नाही, हे वेगळेच. शिवाय पेपरचे कण ओतीव लोखंडाच्या छिद्रांत रुततात. पेट्रोलने धुतल्यास तेल जाते, कण राहतात. म्हणून होनिंगनंतर ब्लॉक गरम पाणी आणि साबणाने, पांढरे फडके पुसल्यावर करडे होईनासे होईपर्यंत धुवावा आणि गंज चढण्याआधी लगेच तेल लावावे. संदेशात धुण्याचा शब्दही नाही.

नव्वद नंबरच्या ऑइलबद्दल फार लिहीत नाही. ते गिअर ऑइल, आणि त्याची मोजपट्टीच वेगळी आहे. त्यातले नव्वद गरम झाल्यावर इंजिन ऑइलच्या चाळीस-पन्नासाइतकेच घट्ट असते. स्प्लेंडरच्या क्लच प्लेटा इंजिनच्याच तेलात बुडालेल्या असतात आणि गिअर ऑइल त्यांच्यासाठी बनवलेले नसते. निळा धूर नेहमी रिंगांचाच असतो असेही नाही : सकाळी स्टार्ट करताना येऊन थांबणारा, किंवा घाट उतरून पुन्हा ॲक्सिलरेटर दिल्यावर येणारा धूर बहुधा व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळ्या) किंवा त्यांच्या सीलचा असतो. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये होणारा दाब, पाहावे. ते वाढले तर दोष रिंग-बोअरचा, नाही तर व्हॉल्व्हकडे पाहावे.

बोअरिंग टिकत नाही, या म्हणण्याला नाइलाजाने अर्धे गुण देतो. आधी बोअर कापून मग बाजारात मिळेल तो पिस्टन कोंबला, रिंगेची फट मोजली नाही, किंवा पहिल्याच दिवशी गाडी ताणली, तर ते खरोखर टिकत नाही. गेज न लावता डोळ्यांनीच ‘बोअर गेला’ म्हणणारे मेकॅनिकही आहेत, त्यामुळे संदेशातला संशय अगदीच निराधार म्हणवत नाही. माप मर्यादेत असेल तर हलके होनिंग करून फक्त रिंगा टाकणे योग्यच आहे. पण आधी माप हवे. होंडाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधली रीत अशी : बोअर वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी काटकोनातल्या दोन दिशांनी मोजायचा, मर्यादेबाहेर असेल तर कापून ओव्हरसाइज पिस्टन टाकायचा. या इंजिनाचा मूळ बोअर ५० मिलिमीटर, त्यासाठी ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० असे वाढीव पिस्टन असतात. पिस्टन आधी हातात घ्यावा, मोजावा आणि त्याच्या मापाने बोअर कापावा.

भावाचा ब्लॉक मी काल मोजला. वर ५०.१७, खाली ५०.०४. ओरखडा नसता तर ०.२५ वर सहज साफ झाला असता. आता लेथवाल्याने ०.५० सांगितले आहे, आणि पिस्टन आणल्याशिवाय ब्लॉकला हात लावू नका असे मी त्याला बजावून आलो आहे.